हाकेला ओ

नाशिकरोडला जेलरोडच्या बाजूला आमचं घर. मी सतरा वर्षं पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला अप-डाउन केलं. सकाळी सातच्या सुमाराला गाडी, संध्याकाळी सव्वासहाला सीएसएमटीहून परतीची, घरात पाऊल पडायला रात्रीचे दहा. ही गाडी १९७५ पासून धावते आहे आणि तिच्या डब्यांत माणसांची निम्मी आयुष्यं गेलीत. वाढदिवस तिथे होतात, दसऱ्याला डब्याची पूजा होते, हार-तोरणं बांधली जातात. माझ्या बाकावरच्या सोबत्यांच्या मुलांचे दहावीचे मार्क मला तोंडपाठ होते. कुणाच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन कधी, कुणाच्या गावच्या जमिनीचा वाद कुठवर आला, सगळं माहीत.

आणि २०१६ च्या नोव्हेंबरात एका रविवारी लाइटबिल शोधताना कपाटात साड्यांच्या खाली मला एक फाइल सापडली. मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि सुईने घेतलेल्या नमुन्याचा रिपोर्ट. नाव आमच्या हिचं, तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. स्तनात गाठ होती. रिपोर्टात ती साधी निघाली होती, कॅन्सरची नव्हती, सहा महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं होतं. पण रिपोर्ट हातात येईपर्यंतचे ते दिवस हिने कसे काढले असतील? त्या प्रत्येक रात्री मी हिच्या समोर बसून जेवलो होतो.

फाइल घेऊन बाहेर आलो तेव्हा ही मशीनवर बसली होती. घरीच ब्लाउज शिवते. पाय न थांबवता म्हणाली, "तुम्ही दमून येता. आणि काही सांगायला गेलं की तुमचं 'हं' असतं. मग शेजारच्या वहिनींना घेऊन गेले."

आवाजात राग नव्हता. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आमच्यात तसं काही बिघडलेलं नव्हतं. व्यसन नाही, मारहाण नाही, पैशांची ओढाताण सगळ्यांना असते तेवढीच. लग्नकार्यात लोक आमचं उदाहरण द्यायचे. तरीही माझ्या बायकोला आयुष्यातल्या सगळ्यात घाबरवणाऱ्या दिवसांत माझी आठवण झाली नाही. किंवा झाली आणि तिने ती बाजूला सारली. त्यानंतर मी जे जे केलं ते इथे लिहितो. ज्यांच्या घरात भांडण नाही पण बोलणंही उरलेलं नाही, त्यांच्यासाठी. मी नवरा म्हणून लिहितोय, पण यातलं बहुतेक सगळं दोघांनाही लागू आहे.

आधी हाक ओळखा

लहानपणी आईने हाक मारली आणि आपण ओ दिली नाही की ती संतापायची. काम काय ते नंतर, आधी ओ दे. संसारातल्या हाका मात्र नाव घेऊन येत नाहीत. "कढीपत्त्याला नवी पालवी आलीय बघा." "मेथीची जुडी आज चाळीसला होती." "खालच्यांकडे पाहुणे आलेत वाटतं." मेथीचा भाव मला कळावा म्हणून ही सांगत नव्हती. मी इथे आहे, तुम्ही आहात ना, एवढंच त्यात असतं.

माझी मुलगी मानसशास्त्र शिकली. तिने मला जॉन गॉटमन या अमेरिकी संशोधकाच्या कामाबद्दल सांगितलं. सिअॅटलला विद्यापीठात त्यांनी एका फ्लॅटसारखी प्रयोगशाळा केली होती. नवी लग्नं झालेली जोडपी तिथे राहायची आणि त्यांचं साधंसुधं बोलणं टिपलं जायचं. सहा वर्षांनी पाहिलं तर ज्यांचे संसार टिकले होते ती जोडपी शंभरातल्या ८६ हाकांना ओ देत होती. ज्यांचे मोडले ती ३३ हाकांना. मुलगी हे सांगत होती आणि मी मनातल्या मनात माझा आकडा काढत होतो.

मग खरोखरच काढला. रेल्वेच्या पासच्या पाकिटात एक छोटी वही असायची. आठवडाभर रोज झोपण्यापूर्वी त्यात हिच्या दिवसभरातल्या हाका आठवून लिहिल्या आणि पुढे बरोबर किंवा फुली. पहिल्या रात्री सात आठवल्या, ओ दिली होती दोनांना. तुम्हीही हे करून बघा. घरी सांगू नका, नाहीतर दोघंही अवघडून जाल. आणि वही दाखवून "बघ, मी किती सुधारलो" असं तर अजिबात म्हणू नका.

ओ द्यायची म्हणजे काय करायचं? हातातलं खाली ठेवा, मान वर करा आणि समोरच्याच्या वाक्यातला एखादा शब्द उचलून पुढचं विचारा. "कुठल्या कुंडीतला? गॅलरीतला की जिन्यातला?" पुरे झालं. उठून पालवी बघून आलात तर उत्तमच. खरोखरच वेळ नसेल तर तसं सांगा, "एवढा मेल पाठवतो, दहा मिनिटांत येतो." आणि दहाव्या मिनिटाला जा. कबूल करून न जाणं हे "हं"पेक्षा जास्त लागतं.

हाका पुरुषही मारतात, फक्त त्या ओळखू येत नाहीत. "गाडी आज इगतपुरीला अर्धा तास उभी होती." याला "मग मी काय करू?" असं उत्तर आलं की तो पुढच्या वेळी सांगत नाही. माझ्याही बाबतीत हे घडलेलं आहे, पण सुरुवात मी केली होती.

दारातली पंधरा मिनिटं

मी घरी आलो की पाय धुऊन थेट टीव्हीसमोर. ही ताट वाढून आणायची. दिवसभरातलं आमचं बोलणं म्हणजे "अजून भात?" आणि "नको."

ते बदललं. मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा आणि स्वयंपाकघरात ओट्यापाशी स्टुलावर बसायचं. पंधरा मिनिटं. तिचं भाकऱ्या थापणं चालू राहू दे, तुम्ही लसूण सोला. हाताला काम असलं की बोलणं सुटतं. समोरासमोर बसून "बोल, काय म्हणतेस" असं विचारलं की ते चौकशीसारखं होतं.

येण्याआधीचा एक फोनही मी लावून घेतला. परतीची गाडी आठच्या सुमाराला कसाऱ्याला थांबते. पुढचा घाट इतका चढाचा आहे की मागून बँकर इंजिनं जोडावी लागतात, आणि एकदा घाट लागला की बोगद्यांत रेंज जाते. ती जोडणी होईपर्यंतची तीन-चार मिनिटं मी हिला दिली. "जेवायला काय केलंय" हा प्रश्न त्या फोनवर विचारायचा नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. दिवसातली माझी एक गोष्ट सांगायची आणि तिची एक ऐकायची. घाट लागला की फोन आपोआप कटायचा, त्यामुळे बोलणं लांबवायचं ओझं दोघांनाही नव्हतं. तुमच्याकडे कसारा नसेल. अंबडच्या किंवा सातपूरच्या कंपनीत जेवणाची सुट्टी असेल, दुकान उघडण्याआधीचा वेळ असेल. वेळ ठरलेली असू द्या. मिळाला वेळ की करू, असं म्हटलं की तो कधीच मिळत नाही.

बारीक प्रश्न

"काय झालं?" याचं उत्तर "काही नाही." "कसा गेला दिवस?" याचं उत्तर "नेहमीसारखा." चूक उत्तर देणाऱ्याची नाही. प्रश्न एवढा मोठा असतो की त्यात हात कुठे घालावा हेच कळत नाही.

मला हिच्या कामातलं काहीच येत नव्हतं. मग बघायला लागलो. अस्तर आधी पाण्यातून काढून वाळवावं लागतं, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं आणि ब्लाउज फुगा धरतो. बाहीचा गोल चुकला की सगळं उसवावं लागतं. एवढं कळल्यावर मी विचारू शकलो, "आज कुणाचं उसवावं लागलं?" त्या रात्री ही वीस मिनिटं बोलली. एका बाईने दोनदा माप बदललं होतं, वर पैसे कमी देऊन गेली होती, आणि हिला ते इतकं लागलं होतं की दुपारी ती जेवली नव्हती. हे सगळं याआधीही घडत असणार. मला "नेहमीसारखा" एवढंच ऐकू यायचं.

ऐकताना एक चूक माझ्याकडून फार वेळा झाली. ती बोलायला लागली की मी तोडगा काढायला लागायचो. "आधी अॅडव्हान्स घेत जा." "पाटी लाव." ती गप्प व्हायची. ही वीस वर्षं शिवतेय, अॅडव्हान्स घ्यावा हे तिला मी सांगायला हवं का? आता मी सरळ विचारतो, "नुसतं ऐकू, की यात काही करायचंय?" बहुतेक वेळा नुसतं ऐकायचंच असतं. ऐकून झाल्यावर "तुझ्या जागी मीही न जेवता राहिलो असतो" एवढं म्हटलं तरी तिचा चेहरा मोकळा होतो.

आनंदाची बातमी

दुःखात साथ देण्याबद्दल सगळे बोलतात. आनंदाच्या बातमीला आपण काय उत्तर देतो याकडे लक्ष जात नाही, आणि माझ्या मते जास्त नुकसान तिथे होतं. शेली गेबल या संशोधक बाईंनी २००४ मध्ये नेमकं हेच मांडलं: जोडीदाराने चांगली बातमी सांगितल्यावर समोरचा उत्साहाने पुढचं विचारतो, की थंडपणे "छान" म्हणतो, की त्यातली खोट काढतो, की विषयच बदलतो, यावर नात्यातलं समाधान बरंच अवलंबून असतं.

हिला एकदा एका लग्नाचे बावीस ब्लाउज आले. दारातच सांगत आली. मी म्हणालो, "जमेल का तुला एवढं? मानेचा त्रास आहे ना?" मला काळजीच होती. पण तिच्या हातातली पिशवी ज्या तऱ्हेने खाली गेली ते मला आजही दिसतं.

काळजी दुसऱ्या दिवशी सांगता येते. बातमीच्या क्षणी फक्त बातमीत शिरा. कोणी पाठवलं त्यांना? कापड कसलं, पैठणी आहे का? गळे कोणते म्हणाल्या? मुलीला फोन करून सांगितलंस का? पुढच्या मोठ्या ऑर्डरला मी हे केलं आणि रविवारी स्वतः हूक लावायला बसलो. वाईट लावले, तिने निम्मे परत लावले, पण ती ऑर्डर आमच्या दोघांची झाली.

भांडण झालं तर

जवळीक वाढली की भांडणंही वाढतात, हे आधीच सांगून ठेवतो. गप्प घरात भांडण होत नाही. आमच्याकडे मोठं भांडण झालं ते मी धाकट्या भावाला हिला न विचारता तीस हजार दिले तेव्हा. ही बोलायला लागली आणि मी मुलीसमोर म्हणालो, "तुला काय कळतंय व्यवहारातलं?"

हे वाक्य घरातून कायमचं काढून टाका. त्याची भावंडंही: "तुमच्या घराण्यातच नाही", "तोंड बघ स्वतःचं", आणि शब्दाविना मारलेलं "च्यक्". गॉटमन यांनी नातं पोखरणाऱ्या चार सवयी सांगितल्या: दोष देत राहणं, तुच्छतेने बोलणं, स्वतःचाच बचाव करणं आणि तोंडाला कुलूप घालून बसणं. त्यांतली तुच्छता सगळ्यात घातक. रागावलेल्या माणसाशी समेट होतो. तुच्छ मानणाऱ्याजवळ जीव मोकळा करायला कोण जाईल?

डोकं तापलं, छाती धडधडायला लागली की तिथे बोलणं थांबवा. शरीर शांत व्हायला किमान वीस मिनिटं लागतात. मी गोदावरीच्या बाजूला दसकपर्यंत चालत जातो. मात्र जाताना सांगून जायचं, "आत्ता मला नीट बोलता येणार नाही. अर्ध्या तासात येतो, मग बोलू." न सांगता दार ओढून गेलात तर मागे राहिलेल्याला ती शिक्षा वाटते. आणि चालताना तेच वाक्य घोळवत राहिलात तर तापलेलंच डोकं घेऊन परत याल.

माफी नेमकी मागा. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" ही माफी होत नाही. मी म्हणालो, "तुला न विचारता पैसे द्यायला नको होते. आणि पोरीसमोर तसं बोललो, ते त्याहून वाईट केलं." मग मुलीला बोलावून तिच्यासमोरही तेच पुन्हा म्हणालो. जिथे अपमान केला तिथेच तो निस्तरावा.

स्वतःचंही सांगा

हे मला सगळ्यात जड गेलं. मी ऐकायला शिकलो, पण माझ्याबद्दल विचारलं की "ठीक आहे" हेच. एक दिवस ही म्हणाली, "मी एकटीच उघडी पडते." तिचं खरं होतं.

आर्थर अॅरन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. अनोळखी माणसांच्या जोड्यांना छत्तीस प्रश्नांची यादी दिली. आधीचे सोपे, पुढे पुढे खोल जाणारे, आणि प्रत्येक प्रश्नाला दोघांनीही उत्तर द्यायचं. पाऊण तासात ती माणसं नुसत्या इकडच्या-तिकडच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा एकमेकांच्या जास्त जवळ आलेली होती. मला त्यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटल्या. पायरीपायरीने उतरायचं, आणि दोघांनी उतरायचं.

तेव्हा एकदम जन्मभराचं दुःख काढू नका. मी आधी ऑफिसातली एक फजिती सांगितली. मग वडिलांशी शेवटचं बोलणं राहून गेलं ते. कितीतरी महिन्यांनी हे सांगितलं, की माझी नोकरी एकदा जवळजवळ गेली होती आणि मी आठवडाभर रोज डबा घेऊन निघताना घाबरलेला असायचो. ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला कशाचंच काही वाटत नाही."

बोलायला जागा

दोन खोल्यांत पाच माणसं असली तर हे सगळं करायचं कुठे, हा प्रश्न खरा आहे. आमच्याकडेही आई होती. गच्ची, दळण आणायला दोघांनी जाणं, रात्री जेवणानंतर कोपऱ्यापर्यंतची फेरी, जे मिळेल ते. सासूबाईंना किंवा आईंना आधी प्रेमाने सांगून ठेवा, लपूनछपून नको.

चालताना बोलणं सगळ्यात चांगलं होतं. खांद्याला खांदा असतो, डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, त्यामुळे अवघड गोष्टी निघतात. पुरुषांना हे फार सोपं जातं. आम्ही महिन्यातून एकदा पांडवलेणीच्या पायऱ्या चढतो, सकाळी सातच्या आत. गर्दीच्या वेळी जाऊ नका. रविवारच्या मिसळीला अवश्य जा, पण ते बोलण्यात धरू नका. नंबर लागेपर्यंत उभं राहायचं आणि बसल्यावर पुढचे लोक आपल्या ताटाकडे बघत उभे.

माझा मावसभाऊ निफाडकडे द्राक्षं करतो. तो म्हणाला, "ऑक्टोबरच्या छाटणीनंतर आम्हाला कुठली पंधरा मिनिटं? ढग आले की रात्री-अपरात्री फवारणी." त्या दोघांनी त्यांचा मार्ग काढला. सकाळी दव असताना बागेतली एक ओळ दोघांनी मिळून चालायची, तो पानं उलटून बघणार, ती घड बघणार, आणि ती ओळ संपेपर्यंत हिशेबाचं काढायचं नाही.

स्पर्श

पन्नाशीच्या आसपास बहुतेक घरांत स्पर्श फक्त अंथरुणापुरता उरतो, मग तिथूनही जातो. ज्यातून पुढे काहीच हवं नाही असा स्पर्श रोज थोडा असू द्या. मशीनवर वाकून हिची मान धरते. मी रात्री तिळाचं तेल कोमट करून मानेला आणि खांद्यांना लावतो. पहिल्या दिवशी ती आखडून बसली होती.

शरीरसंबंधाबद्दल एवढंच सांगेन: "आज मन नाही" हे दोघांपैकी कोणालाही न घाबरता म्हणता यायला हवं, आणि म्हटल्यावर दुसऱ्याने पाठ फिरवून झोपू नये. पाळी थांबण्याच्या काळात बाईला त्रास होऊ शकतो, दुखू शकतं. त्यावर उपाय असतात. डॉक्टरांकडे दोघांनी जा.

हे कुठे चालत नाही

घरात मारहाण असेल, धमक्या असतील, पैसे किंवा मोबाइल काढून घेतला जात असेल, नवऱ्याच्या पावलांच्या आवाजानेच पोटात गोळा येत असेल, तर मी लिहिलेलं काही करत बसू नका. तिथे जास्त समजून घेणं म्हणजे जास्त सोसणं. महिलांसाठी १८१, तातडीला ११२. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा मानसिक आणि आर्थिक छळालाही लागू होतो. आणि जोडीदार कोणाशीच बोलत नसेल, झोप-जेवण उडालं असेल, कशातच रस उरला नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

वेळ लागतो

पहिल्या महिन्यात ही माझ्याकडे संशयाने बघायची. कसाऱ्याचा फोन गेला की विचारायची, "काय झालं? गाडी बंद पडली का?" स्टुलावर बसलो तर म्हणायची, "तुमचा टीव्ही लागलाय बाहेर." दोनदा मी वैतागून सोडून दिलं. सतरा वर्षं ओ न मिळालेलं माणूस पंधरा दिवसांत हाक मारायला लागत नाही. तुम्ही बदललात याची पावती मागू नका. दुसरीकडून काही येत नसेल तरी तुमच्या बाजूने दोन-तीन महिने चालू ठेवा.

मी सहा महिन्यांनंतरच्या त्या तपासणीची वाट बघत होतो. तारीख फाइलमध्ये वाचलेली होती, पण आपण काढायचं नाही असं ठरवलं होतं. मे महिना होता, उकाड्याने आम्ही गच्चीवर अंथरूण घातलं होतं. मला वाटलं ही झोपली. तेवढ्यात म्हणाली, "अहो, मंगळवारी अकरा वाजता सोनोग्राफी आहे. मला भीती वाटतेय. येताय ना?"

मी रजा टाकली. तिथे बाकावर दीड तास बसावं लागलं. ती आत गेली तेव्हा तिची पर्स, चष्मा आणि बांगड्या माझ्या हातात होत्या.